ठशांची पारख : ‘अर्ली अमेरिकन कॉपर्स’ संस्थेची सहा दशकांची वाटचाल

१८०४ सालचा अमेरिकन सेंट दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ वस्तूची नक्कल होते हे ओघानेच आले. दुसऱ्या एखाद्या सालच्या नाण्यावरचा शेवटचा आकडा खरवडून त्याचा चार करायचा, की झाले काम. मुरलेला संग्राहक मात्र असे नाणे हातात घेतल्यावर त्या चाराकडे फारसे बघतच नाही. तो सनातले शून्य पाहतो, नाणे उलटतो आणि मागच्या बाजूच्या ‘ऑफ’ या शब्दातला ‘ओ’ कुठे आहे ते पाहतो. अस्सल नाण्यात हे शून्य आणि हा ‘ओ’ पाठीला पाठ लावून उभे असतात. कारण त्या सालचे जेवढे अस्सल सेंट माहीत आहेत, ते सगळे ठशांच्या एकाच जोडीतून पडलेले आहेत. ही खूण सांगायला एक ओळ पुरते. ती ठामपणे सांगता यावी यासाठी मात्र ठिकठिकाणी विखुरलेली नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतात, आणि एवढी नाणी कुणा एकाच्या पेटीत कधीच नसतात. १९६७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘अर्ली अमेरिकन कॉपर्स’ या संस्थेचे मर्म याच गोष्टीत आहे. तांब्याची जुनी नाणी जमवणाऱ्यांचे मंडळ अशी तिची ओळख करून दिली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. संस्था टिकली आणि वाढली ती नाणी ताडून पाहण्याच्या रीतीवर. मालकी हे त्या कामाचे फक्त साधन होते. हीरक महोत्सव जवळ येत असताना मागे वळून पाहिले, तर प्रत्येक दशक याच गोष्टीची साक्ष देते.

पूर्वपीठिका : १७९३ ते १९६६

अमेरिकेच्या टांकसाळीचा कायदा २ एप्रिल १७९२ रोजी झाला आणि फिलाडेल्फियात मार्च १७९३मध्ये पहिले ३६,१०३ सेंट पडले. त्यांच्या मागच्या बाजूला कड्यांत कडी अडकवलेली एक गोल साखळी होती. संघराज्यातल्या राज्यांची एकजूट त्यातून दाखवायची होती. पण स्वातंत्र्यदेवतेच्या पाठीवर साखळी लोकांना रुचली नाही आणि काही आठवड्यांतच तिच्या जागी पानांची माळ आली. पहिल्या ठशावर तर देशाचे नावसुद्धा पुरे नव्हते. जागा पुरणार नाही या धास्तीने कारागिराने ‘अमेरि’ एवढेच कोरून पुढे टिंब दिले होते. हे सगळे हातकाम होते. देवतेच्या मुखवट्यासाठी पुढे एकच ठोसा वापरात आला, तरी अक्षरे, आकडे, माळेतली पाने आणि फळे पोलादावर एकेक करून ठोकली जात. म्हणून कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे निघत नसत. १७९६च्या एका ठशावर ‘लिबर्टी’तला ‘बी’ आधी उलटा बसला आणि मग सुलटा केला गेला. तो आता ‘एच’सारखा दिसतो. १८०१च्या एका ठशावर तर तीन चुका एकत्र नांदतात : ‘युनायटेड’चे पहिले अक्षर दोन सुट्या दांड्यांसारखे उमटले आहे, माळेच्या एका बाजूचा देठ राहून गेला आहे आणि एक शतांश लिहिण्याऐवजी खाली शंभराच्या जागी तीन शून्ये पडली आहेत. डॉलरचा शंभरावा भाग असलेल्या नाण्यावर एकाला शून्याने भागलेले आहे! पोलादही बेताचेच होते. ठसा तडकला की ती तडक नाण्यावर उंचवटलेल्या रेषेच्या रूपाने उमटे, आणि पुढच्या प्रत्येक नाण्यागणिक ती लांबत जाई. तडक आखूड असलेले नाणे आधीचे, लांब असलेले नंतरचे. टांकसाळीच्या वह्या जिथे गप्प बसतात, तिथे हा क्रम नाणी स्वतःच सांगतात.

तांब्याची टंचाई हा त्या टांकसाळीचा कायमचा रोग होता. सेंटचे वजन आधी २०८ ग्रेन होते. ते १७९५च्या अखेरीस १६८ ग्रेनवर आणावे लागले. टॅलबट, ॲलम अँड ली या व्यापारी पेढीची तांब्याची टोकने विकत घेऊन, ती कापून त्यांवर अर्धे सेंट पाडले गेले; अशा काही नाण्यांवर खालच्या टोकनाची अक्षरे आजही पुसट दिसतात. पुढे तयार चकत्या इंग्लंडमधून, बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन यांच्या कारखान्यातून येऊ लागल्या. मराठी वाचकासाठी इथे एक जवळचा धागा आहे. याच बोल्टन यांच्या सोहो टांकसाळीत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ साली तांब्याची नाणी पाडली गेली होती. त्यांच्यावर तराजू आणि न्याय या अर्थाचा फारसी शब्द आहे. वाफेच्या यंत्रावर पडलेली ती नाणी एकसारखी, सुबक आणि गोल आहेत. त्यांच्याशेजारी फिलाडेल्फियाचा सेंट ठेवला, की हाताने घडवलेल्या ठशाचा स्वभाव काय असतो ते कळते. ज्याने शिवराई निरखून पाहिली आहे त्याला तर हे समजावून सांगायलाच नको. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या दोन मजकुरांची वळणे ठशागणिक बदलतात, आणि चकती ठशापेक्षा लहान असल्याने एका नाण्यावर पुरा मजकूर क्वचितच उतरतो. पुरा ठसा डोळ्यांपुढे आणायचा तर अनेक नाणी जवळ लागतात.

१८१२च्या युद्धाने चकत्यांचा पुरवठा तुटला आणि १८१५ हे साल सेंटवर कधी आलेच नाही. एवढी एक खोट सोडली, तर मोठ्या सेंटची मालिका १७९३पासून १८५७पर्यंत सलग आहे. १८५७च्या कायद्याने मोठा सेंट आणि अर्धा सेंट दोन्ही बंद झाले. लहान नवे सेंट घ्यायला लोक जुने तांबे घेऊन रांगा लावू लागले, आणि जे चलनातून जाणार ते जपून ठेवावे ही ओढ त्याच सुमारास पसरली. त्यापूर्वीही काही मोजके लोक या नादात होतेच. फिलाडेल्फियाचे जोसेफ मिकली यांचा जन्म १७९९चा. आपल्या जन्मसालाचा सेंट शोधता शोधता ते अमेरिकेतले आद्य संग्राहक बनले. ठशांचा अभ्यास मात्र १८६९मध्ये फिलाडेल्फियाचेच डॉक्टर एडवर्ड मॅरिस यांनी सुरू केला. १७९४च्या सेंटचे प्रकार वेगळे काढून त्यांनी प्रत्येकाला नाव दिले : ‘दुहेरी हनुवटी’, ‘पडलेला चार’, ‘कचेरीतला पोऱ्या’, ‘व्रण पडलेला माथा’. पेशंटची लक्षणे टिपणारी नजरच इथे नाण्यांवर फिरते आहे. सिल्व्हेस्टर क्रॉस्बी यांनी १७९३च्या नाण्यांवर, फ्रँक अँड्र्यूज यांनी १८१६नंतरच्या सेंटवर आणि एबेनीझर गिल्बर्ट यांनी अर्ध्या सेंटवर असेच काम केले. १९४४ साली हॉवर्ड न्यूकम यांनी १८१६ ते १८५७चे सगळे प्रकार एका ग्रंथात मांडले. मग १९४९मध्ये विल्यम शेल्डन यांचा ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ हा ग्रंथ आला आणि १९५८मध्ये ‘पेनी व्हिम्सी’ या नावाने त्याची वाढीव आवृत्ती निघाली. १७९३ ते १८१४ या काळातल्या सेंटच्या प्रकारांना त्यांनी दिलेले १ ते २९५ हे क्रमांक आजही प्रमाण मानले जातात.

शेल्डन यांच्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेशाने ते मानसशास्त्रज्ञ होते. माणसांच्या देहयष्टीचे प्रकार पाडून, त्यांना आकडे देऊन स्वभावाशी जोडण्याचा त्यांचा खटाटोप शास्त्राने पुढे निकालात काढला. नाण्यांचे त्यांचे वर्गीकरण मात्र सत्तर वर्षांनंतरही पाय रोवून उभे आहे. पद्धत तीच, वर्गीकरणाची हौसही तीच. मग फळ वेगळे का? माणसे साच्यातून येत नाहीत, नाणी येतात. प्रत्येक प्रकारामागे पोलादाचा एक खरोखरचा तुकडा आहे, आणि त्याचा पुरावा कुणालाही पुन्हा तपासता येतो. ‘एवढ्या बारीक फरकांना कशाला महत्त्व द्यायचे?’ या नेहमीच्या शंकेला पहिले उत्तर इथेच मिळते. हे फरक कुणी कल्पनेने पाडलेले नाहीत. ते कारागिराच्या हाताने पडले आहेत.

पहिले दशक : १९६७ ते १९७६

शेल्डन यांचा ग्रंथ हाती आला, तरी तो वापरणारी माणसे एकमेकांना अनोळखी होती. साठच्या दशकात अमेरिकेत नाण्यांचा बाजार तेजीत होता, पण ती तेजी कोऱ्या नाण्यांच्या गड्ड्यांची आणि चलनातून जाणाऱ्या चांदीची होती. घासलेल्या, तपकिरी सेंटवरची तडक भिंगातून बघत बसणाऱ्याला गावात जोडीदार मिळणे कठीण. अशा वेळी हर्बर्ट सिल्बरमन यांनी ‘कॉइन वर्ल्ड’ या साप्ताहिकात आवाहन करून समानधर्मी लोकांना हाक दिली. आलेल्या पत्रांतून १९६७मध्ये संस्था उभी राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉक्टर वॉरन लॅप यांच्या संपादनाखाली ‘पेनी-वाइज’ या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. नावात इंग्रजी म्हणीचा अर्धा भाग आहे : पैच्या बाबतीत शहाणा. उरलेला अर्धा भाग, रुपयाच्या बाबतीत वेडा असल्याचा, सभासदांनी हसत हसत स्वतःकडे ठेवला असावा.

सुरुवातीच्या अडचणी कुठल्याही हौशी संस्थेच्या असतात त्याच होत्या. पगारी माणूस कुणी नाही, कचेरी नाही. टंकलेखन, छपाई, पाकिटे बंद करणे हे सगळे नोकरी-धंदा सांभाळून रात्री करायचे. कोणी किती काम केले याचा हिशेब ठेवला गेला नाही, आणि आज तो काढणे शक्यही नाही. अनेक हातांनी हे ओझे वाहिले एवढे म्हणणेच न्याय्य ठरेल. अंकाचे स्वरूप मात्र पहिल्यापासून ठरले होते. मोठ्या व्यासंगी लेखाशेजारी एखाद्या खेड्यातल्या सभासदाची दोन ओळींची नोंद छापली जाई : अमुक प्रकाराच्या नाण्यावर मला ग्रंथात नसलेली तडक दिसते, आणखी कुणाकडे आहे का? पुढच्या अंकात तिघे जण उत्तर देत. एक प्रश्न तीन पेट्यांमध्ये फिरून परत आला, की तो नुसता अंदाज राहत नसे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. मॅरिस, क्रॉस्बी, न्यूकम, शेल्डन या सगळ्यांनी संस्थेविनाच काम केले. मग श्रेय संस्थेला का द्यायचे? पहिल्या दशकातच रॉजर कोहेन यांचे अर्ध्या सेंटवरचे पुस्तक १९७१ साली निघाले, तेही एका माणसाच्या नावावर. पण ग्रंथ लिहिणे आणि ग्रंथ खरा ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेल्डन यांनी ज्यांना ‘जमवता न येण्याजोगे’ असा शेरा मारून वेगळे क्रमांक दिले, त्यातल्या काही प्रकारांची आणखी नाणी पुढे सापडत गेली आणि शेरा फक्त नावापुरता उरला. या दुरुस्त्या करायला शेकडो डोळे लागले. १९७६ साली जॉन ॲडम्स आणि डेनिस लोरिंग यांनी जुने, मिळेनासे झालेले प्रबंध संपादित करून दोन खंडांत पुन्हा उपलब्ध केले, त्यामागेही हीच गरज होती : मॅरिस काय म्हणाले ते प्रत्येकाच्या टेबलावर असले, तरच ते तपासता येईल. एकट्याने ग्रंथ उभा करता येतो. त्याची डागडुजी मात्र गावाने करायची असते.

दुसरे दशक : १९७७ ते १९८६

हे दशक दर्जाच्या प्रश्नाचे. शेल्डन यांनी १ ते ७० असे दर्जाचे अंक दिले, तेव्हा त्यांच्या मनात एक साधा हिशेब होता : अगदी झिजलेल्या नाण्याची जी मूळ किंमत असेल तिला दर्जाच्या अंकाने गुणले, की नाण्याची किंमत यावी. किमतीचा हा हिशेब लवकरच कोलमडला, पण मोजपट्टी राहिली. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७मध्ये ती सगळ्याच अमेरिकन नाण्यांना लावली. जुन्या तांब्याच्या सेंटसाठी केलेली फूटपट्टी अशी सोन्याचांदीच्या नाण्यांवरही फिरू लागली. १९८६मध्ये आणि पुढच्या वर्षी नाण्यांचा दर्जा ठरवून ती प्लास्टिकच्या कवचात बंद करून देणाऱ्या दोन मोठ्या व्यापारी कंपन्या निघाल्या, आणि एक जुनाच मतभेद ठळक झाला. संस्थेच्या सभासदाने पंचवीस अंक दिलेले नाणे कवचात पस्तीस होऊन येई.

हा निव्वळ हट्टीपणा आहे, अशी टीका होते. खरा फरक रीतीत आहे. या मंडळींच्या पद्धतीत आधी नाण्याची झीज पाहून एक अंक ठरतो. मग कडेवरची खोच, पृष्ठभागावरचे खड्डे, कुणीतरी केलेली घासाघीस यांचे गुण वजा होतात आणि उरतो तो निव्वळ दर्जा. तांब्याच्या बाबतीत ही वजाबाकी टाळता येत नाही. आपल्याकडे तांब्याची घागर चिंच लावून घासली की लखलखते आणि घरच्या बाईचे कौतुक होते. सेंटला तोच हात लावला, तर दीडशे-दोनशे वर्षांनी चढलेला तपकिरी साज जातो तो कायमचा. जंगाल चढू द्यायचे नाही, पण चकाकीही आणायची नाही, या दोहोंमधल्या चिंचोळ्या वाटेवर हा संग्राहक चालतो. त्याच्या टेबलावर मऊ केसांचा ब्रश असतो. नाणे कडांनी धरायचे, बोटाचा ठसा पृष्ठभागाला लागू द्यायचा नाही आणि हलक्या हाताने ब्रश फिरवायचा, एवढीच त्याची निगा. हे बारकावे एका तज्ज्ञाच्या आज्ञेने रूढ होत नाहीत. एकच नाणे दहा जणांनी पाहून आपापला अंक सांगितला, तरच नजर एका पट्टीवर येते. वार्षिक संमेलनातल्या ‘हॅपनिंग’ या खास कार्यक्रमाचे प्रयोजन हेच. काही ठरावीक प्रकार आधी जाहीर होतात, सभासद आपापली नाणी घेऊन येतात, एका प्रकाराची सगळी नाणी टेबलावर ओळीने मांडली जातात आणि जमलेले लोक त्यांची प्रतवारी लावतात. बक्षीस किरकोळ, शिकवणी मोठी. एरवी आयुष्यात कधी एकत्र न येणारी पंधरा-वीस भावंडे तासभर एका दिव्याखाली दिसतात.

याच दशकात कोहेन यांच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती १९८२मध्ये आली, १९८३मध्ये वॉल्टर ब्रीन यांचा अर्ध्या सेंटचा कोश निघाला, आणि ‘पेनी-वाइज’ची धुरा लॅप यांच्याकडून डॉक्टर हॅरी सॅलियार्ड्स यांच्याकडे गेली. संपादनात एकामागून एक दोन डॉक्टर आले, हा योगायोग मॅरिस यांची आठवण करून देणारा आहे.

तिसरे दशक : १९८७ ते १९९६

ग्रंथांच्या दृष्टीने हे सुगीचे दशक. १९९१मध्ये विल्यम नॉइस यांचे मोठ्या, स्पष्ट छायाचित्रांचे खंड आले आणि जॉन ग्रेलमन यांनी १८४० ते १८५७चे प्रकार नव्याने मांडले. १९९२मध्ये जॉन राइट यांनी १८१६ ते १८३९ या मधल्या काळावरचे पुस्तक दिले. शेवटच्या वर्षांतल्या सेंटचे ठसे बहुतांशी यांत्रिक पद्धतीने होत, त्यामुळे फरक केसाएवढे सूक्ष्म. सनाचा आकडा किंचित डावीकडे आहे की उजवीकडे, एवढ्यावर प्रकार ठरतो. तिथे शब्दांतले वर्णन थकते आणि छायाचित्राला पर्याय राहत नाही. १९९३मध्ये वसाहतकाळातल्या नाण्यांसाठी स्वतंत्र मंडळ निघाले. संस्थेतलेच काही अभ्यासक तिकडे गेले, काही दोन्हीकडे राहिले. फांदी फुटणे हे झाड जिवंत असल्याचेच लक्षण मानले पाहिजे.

या दशकातली एक हकीकत मात्र अवघड आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला जॉर्ज क्लॅप यांनी दिलेल्या सेंटच्या संग्रहातली काही उत्तम नाणी पूर्वीच कधीतरी हलक्या नाण्यांशी बदलली गेली होती, असे उघडकीस आले. प्रकरण कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गेले आणि १९९६ साली अपिलात निकाल सोसायटीच्या बाजूने लागला. त्यात गुंतलेली नावे, धरलेल्या बाजू आणि दुखावलेली मने यांचा पाढा स्मरणिकेत वाचण्याचे कारण नाही. आपल्या मुद्द्यापुरते एवढे पुरे, की अदलाबदल सिद्ध झाली ती जुन्या छायाचित्रांशी एकेक नाणे ताडून. एकाच ठशातून पडलेल्या दोन नाण्यांचीही झीज, खोच आणि डाग वेगळे असतात, आणि कोणत्या प्रकाराची कोणती उत्तम नाणी कुणाकडून कुणाकडे गेली याची वंशावळ अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जपली होती. जी पद्धत ठसा ओळखते, तीच पद्धत नाण्याचा खरा मालकही ओळखू शकते. ‘या छंदाचा समाजाला काय उपयोग?’ असे विचारणाऱ्याला याहून ठोस उत्तर देता येणार नाही.

चौथे दशक : १९९७ ते २००६

२००० साली ब्रीन यांच्या संशोधनावर आधारलेला १७९३ ते १८१४च्या सेंटचा विश्वकोश मार्क बोर्कार्ड यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला आणि प्रत्येक प्रकाराच्या ठशाची अवस्था क्रमवार नोंदली गेली. २००६मध्ये ज्यूल्स राइव्हर यांचा प्रचंड संग्रह लिलावात गेला. भपकेबाज नाण्यांपेक्षा एकाच प्रकाराच्या वेगवेगळ्या अवस्था जमवण्यासाठी तो ओळखला जाई.

लिलाव म्हटले की सर्वांत कडवा आक्षेप पुढे येतो : हे सगळे शास्त्राचे सोंग आहे; माल एकच, पण त्याचे तीनशे प्रकार पाडले की तीनशे दुर्मीळ वस्तू विकता येतात. दुर्मिळतेला भाव येतो हे नाकारण्यात अर्थ नाही. स्ट्रॉबेरीच्या पानाचा म्हणून प्रसिद्ध असलेला १७९३चा सेंट जगात फक्त चार नगांत माहीत आहे, आणि २००९च्या लिलावात त्यातल्या एकाला ८,६२,५०० डॉलर मिळाले. पण आक्षेप खरा असता, तर सभासदांनी आपल्याकडची माहिती झाकून ठेवली असती. झाले ते उलट. शेल्डन यांच्या दुर्मिळतेच्या श्रेणीत आठव्या पायरीवर एक ते तीन नग, सातवीवर चार ते बारा, सहावीवर तेरा ते तीस आणि पाचवीवर एकतीस ते पंचाहत्तर अशी मोजणी आहे. ज्याच्याकडे सातव्या पायरीचे नाणे आहे, त्याच्या फायद्याचे हेच, की तेरावे नाणे कुणाला सापडू नये. तरीही प्रकार ओळखण्याच्या खुणा संस्थेने अंकामागून अंक छापल्या, आणि त्या वाचून नवख्यांनी दुकानदारांच्या ट्रेमधून दुर्लक्षित नाणी हुडकून काढली. पायऱ्या खाली आल्या, आणि जुन्या सभासदांच्या नाण्यांचे दुर्मिळपण त्यांच्याच संस्थेने कमी केले. बाजाराची चाकरी करणारे मंडळ असे वागत नाही.

पाचवे दशक : २००७ ते २०१६

२००९पासून डॅन होम्स यांचा संग्रह टप्प्याटप्प्याने विकला गेला. शेल्डन यांनी क्रमांक दिलेला प्रत्येक प्रकार एका छताखाली आणण्याची दुर्मीळ कामगिरी त्यात होती. २०१४च्या जानेवारीत ‘मिसुरी कॅबिनेट’ हा अर्ध्या सेंटचा तोलामोलाचा संग्रहही लिलावात आला. एका माणसाच्या पेटीत सर्व प्रकार येऊ शकतात, तर ‘एवढी नाणी कुणा एकाकडे नसतात’ हे लेखाच्या सुरुवातीचे विधान खोटे ठरते का? नाही, कारण प्रकार पुरे होणे म्हणजे पुरावा पुरा होणे नव्हे. प्रत्येक प्रकाराचे एक नाणे ठशाच्या आयुष्यातला एकच क्षण दाखवते. तडक कुठून निघाली आणि कुठे पोचली हे कळायला त्याच प्रकाराची दहा नाणी लागतात. म्हणून सर्वांत मोठा संग्राहकसुद्धा आपले नाणे घेऊन टेबलाशी येतोच.

२०१४मध्येच संस्थेने दर्जा ठरवण्याविषयीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. बिल एकबर्ग, बॉब फॅगली, डेनिस फुओस आणि रे विल्यम्स या चौघांनी ती मिळून सिद्ध केली, हेच औचित्याचे झाले. बोलण्यातून, डोळ्याने डोळ्याला दिलेली चार दशकांची विद्या प्रथमच छायाचित्रांसह कागदावर आली. पुढे सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सहकार्याने चालणाऱ्या न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टलवर ‘पेनी-वाइज’चे जुने अंक खुले झाले. पहिल्या वर्षांतली ती दोन ओळींची शंका आता जगात कुणालाही वाचता येते.

सहावे दशक : २०१७पासून आजपर्यंत

२०१७मध्ये संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. २०१९मध्ये बिल एकबर्ग यांचा अर्ध्या सेंटचा समग्र इतिहास संस्थेने प्रकाशित केला. आधी दर दोन महिन्यांनी निघणारे ‘पेनी-वाइज’ आता तिमाही आहे. वार्षिक संमेलन, त्यातली व्याख्याने, हॅपनिंग आणि संस्थेचा स्वतःचा लिलाव हे कार्यक्रम चालू आहेत. वसाहतकाळातली तांब्याची नाणी, अर्धे सेंट, मोठे सेंट आणि १८३०च्या दशकातल्या मंदीतली टोकने असे चार प्रवाह तिच्या कक्षेत नांदतात.

आता शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. नाण्याचे स्वच्छ छायाचित्र कुणालाही घरबसल्या मोठे करून पाहता येते. ठसे ताडण्याचे काम उद्या यंत्र मिनिटात करील. सभासदांचे सरासरी वय वाढते आहे. मग ताडून पाहणे हाच संस्थेचा प्राण असेल, तर तो प्राण यंत्रात गेल्यावर संस्थेत काय उरणार? पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. यंत्र तुलना करील, पण ज्या नाण्यांची छायाचित्रे त्याला मिळतील त्यांचीच. पेट्या उघडायला लावणारा विश्वास माणसांतच तयार व्हावा लागतो, आणि साठ वर्षे तो संस्थेने तयार केला आहे. दुसरे उत्तर तांब्याचे आहे. छायाचित्रात रंग प्रकाशाबरहुकूम बदलतो. पृष्ठभाग मूळचा आहे की चोळून पुन्हा रंगवलेला, हे नाणे दिव्याखाली कलते करून फिरवल्याशिवाय सांगता येत नाही. तिसरे उत्तर इतिहासाचे आहे. १८०१च्या त्या ठशावर तीन चुका आहेत हे यंत्र सांगेल. पण त्या चुका करणारा माणूस घाईत होता की नवशिका, हातात दिवसभराच्या कामाचा थकवा होता की समोर नमुनाच चुकीचा होता, हे प्रश्न माणसालाच पडतात, कारण तोही कधी घाईत असतो.

संस्थेच्या संस्थापकांनी कोणतेही भव्य उद्दिष्ट जाहीर केले नव्हते. आपल्याकडचे नाणे दुसऱ्याच्या नाण्याशेजारी ठेवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. आजही संमेलनात एखादा नवा सभासद बिचकत आपली छोटी डबी उघडतो, आणि पलीकडचा जुना सभासद आधी भिंग पुढे करून थोडे सरकून जागा करून देतो. नाण्याची किंमत विचारायची झालीच, तर ती त्यानंतर.